आडवी बाटली, पितळी किटली

अमेरिकेहून परत आल्यापासून गल्लीतली माणसं एकच प्रश्न विचारतात, "काय काय बघितलं, बाई?" त्यांना धबधबा ऐकायचा असतो, उंच इमारती ऐकायच्या असतात. मी सांगते, "एक दारूचं दुकान बघितलं. बंद पडायला आलं होतं, ते चालू राहावं म्हणून थोडा हातभार लावून आले." मग समोरचा माणूस विषय बदलतो आणि तब्येतीची चौकशी करतो.

त्यांचंही चुकत नाही. कराडजवळच्या ज्या गावात मी चौतीस वर्षं मुलांना पाढे शिकवले, तिथं मला माझ्या नावानं कुणी ओळखत नाही. 'आडव्या बाटलीवाल्या बाई' म्हणूनच ओळखतात. गावातलं देशी दारूचं दुकान बंद करा म्हणून आम्ही बायकांनी मतदान मागितलं होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असायची. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. दारोदार फिरून, शिव्या खाऊन, एकदा अंगावर शेणही झेलून आम्ही बाटली आडवी केली. माझा थोरला भाऊ अण्णा त्याच दुकानापायी गेला होता. दुकानाला कुलूप लागलं त्या दिवशी मी घरी येऊन त्याच्या फोटोसमोर ढसाढसा रडले. आयुष्यात मिरवावं असं माझ्याकडे हे एवढंच आहे.

आता असली बाई तिकडे जाऊन काय करून बसली, ते सांगते.

वेस्ट विंडसर

माझी धाकटी बहीण नंदा आणि तिचे यजमान न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहतात. फेब्रुवारीत त्यांनी मला आग्रहानं बोलावून घेतलं. आग्रहामागचं कारण तिसऱ्या दिवशी कळलं. त्यांची एकुलती एक मुलगी रेवा, जन्म तिथलाच. नंदाच्या मैत्रिणींची मुलं एकतर कॉम्प्युटरमध्ये, नाहीतर डॉक्टर. रेवाही डॉक्टर झाली, पण गुरांची. उत्तरेला व्हरमाँट म्हणून डोंगराळ राज्य आहे, तिथल्या एल्डर फोर्ड नावाच्या खेड्यात ती एकटी राहते आणि गोठ्या-गोठ्यातून फिरते. नंदानं तेही गिळलं होतं.

"पण ताई, ती आता तिथं बार चालवते," नंदा स्वयंपाकघराचं दार लावून म्हणाली. घरात तिसरं माणूस नव्हतं.

"बार?"

"ते लोक टॅव्हर्न म्हणतात. जुनी, दोनशे वर्षांची, हेरिटेज वगैरे. मला काय, गुत्ताच तो! मंडळात कुणी विचारलं तर मी सांगते, कम्युनिटी सर्व्हिस करते म्हणून. तू जा तिच्याकडे आठ दिवस. एवढ्या गावाची बाटली आडवी केलीस, एक भाची नाही का वळवता येणार? समजाव आणि परत घेऊन ये."

मी जरा फुगलेच. एवढ्या लांबून माझी कीर्ती उपयोगी पडतेय म्हटल्यावर कोण फुगणार नाही?

बुधवारी रेवा तिची उंच मालवाहू गाडी घेऊन मला न्यायला आली. पिकअप म्हणतात तिला. पुढं दोन माणसं, मागं उघड्या हौद्यात दोर, बादल्या आणि वासरं ओढून काढायची साखळी. मला चढायला स्टूल लागलं.

"आईने तुला स्पाय म्हणून पाठवलंय ना?" गाडी हमरस्त्याला लागताच ती म्हणाली.

"छे गं!"

"इट्स ओके, मावशी. फक्त ओपन माइंडनं बघ. आणि मंगळवारी व्होट आहे, सो प्लीज, तोपर्यंत कुणाला तुझी बॉटलची स्टोरी सांगू नकोस."

मी मान हलवली. माझ्या मान हलवण्याचा काय भरवसा असतो, हे त्या पोरीला माहीत नव्हतं.

गुरुवार, एल्डर फोर्ड

गाव म्हणजे एक पांढरं चर्च, एक शाळा, एक ओढा, त्यावर लाकडी पूल, आणि डोंगरउतारावर लांब लांब विखुरलेली घरं. सगळीकडे गुडघाभर बर्फ. दोन घरांत एवढं अंतर, की साखर मागायची तर गाडी काढावी लागेल. आमच्याकडे शेजारणीला उचकी लागली तरी भिंतीतून ऐकू येते.

पुलाजवळ ती टॅव्हर्न होती. दारावर पितळी किटली टांगलेली, म्हणून नावही 'ब्रास केटल', पितळी किटली. सगळे नुसतं 'केटल' म्हणतात. मी मनाची तयारी करून, पदर घट्ट खोचून आत पाऊल टाकलं. साडीखाली रेवाचे गमबूट होते, त्यामुळे माझा रुबाब जरा कमी पडला.

आत मला जे दिसायचं होतं ते दिसलंच नाही. चुलाणात मोठाली लाकडं जळत होती. एका टेबलावर दोन मुली गृहपाठ करत होत्या. एक बाई तान्हं पोर मांडीवर घेऊन सूप पीत होती. चार म्हातारे पत्ते खेळत होते आणि त्यातल्या दोघांच्या पुढ्यात दूध होतं. बियरही होती, नाही असं नाही. ती बायकाही पीत होत्या, उघडपणे, आणि मी दुसरीकडे बघितलं.

गल्ल्यामागं हॅरिएट उभी होती. वय ब्याऐंशी, पूर्वी गावची पोस्टमास्तरीण. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, पण जिभेला तसला काही त्रास नाही. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि रेवाला विचारलं, "हिला काय म्हणायचं?"

"मावशी," रेवा म्हणाली.

"माउशी," हॅरिएट म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत अख्खा गाव मला माउशी म्हणू लागला.

केटलची कथा मला तिनंच सांगितली. शेवटचा मालक ब्रह्मचारी होता. तो वारला तेव्हा मृत्युपत्रात टॅव्हर्न गावाच्या नावावर करून गेला. गावाला कळेना हिचं करायचं काय, म्हणून दार लावून ठेवलं. त्या हिवाळ्यात हॅरिएट मागच्या पायरीवरून घसरली, खांदा मोडला आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत बर्फात पडून राहिली. कुणाला पत्ताच नाही. "केटल चालू असती तर चारच्या ठोक्याला लोकांनी विचारलं असतं, हॅरिएट कुठंय?" ती म्हणाली. "मी तीस वर्षं एकही दिवस चुकवला नव्हता."

ती बरी झाली आणि गावकऱ्यांनी वर्षभराच्या बोलीवर केटल उघडली. नोकर कुणी नाही. सोमवार शाळेच्या बाईंचा, बुधवार आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचा, गुरुवार हॅरिएट आणि रेवाचा. आता वर्ष संपत आलं होतं आणि शहरातल्या एकाला ती वास्तू विकत हवी होती, सुट्टीत येणाऱ्या लोकांना भाड्यानं द्यायला. मंगळवारच्या गावसभेत ठरायचं होतं, केटल वीस वर्षांसाठी गावकऱ्यांच्या हाती द्यायची की विकायची.

भिंतीवर दोन फळ्या होत्या. एका फळीला खिळे. पहिला ग्लास मागायचा तर आधी गाडीची किल्ली त्या खिळ्याला लटकवायची. जाताना किल्ली परत द्यायची की नाही, हे त्या संध्याकाळच्या किल्लीदारानं ठरवायचं. त्यावर वाद नाही, अपील नाही. किल्लीदार दारू न घेणाराच हवा.

हॅरिएटनं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही पिता?"

"मी!" माझा आवाज शाळेतल्यासारखा चढला.

"उत्तम," ती म्हणाली, आणि मला त्या फळीखाली उंच स्टुलावर बसवलं.

चौतीस वर्षं परीक्षेला पर्यवेक्षण केलेलं माणूस मी. बसल्या जागेवरून कोण किती वेळा उठलं हे मला न बघता कळतं. पावणेसहाच्या सुमाराला आग विझवणाऱ्यांपैकी एक, दारात मावणार नाही एवढा गडी, किल्ली मागायला आला.

"नाही," मी म्हणाले.

"माउशी, फक्त दोन घेतलेत."

"तीन," मी म्हणाले. "आणि तिसरा तिकडं खांबाआड उभं राहून घेतलात."

सगळी टॅव्हर्न हसली. तो लाल झाला, "येस, मॅम" म्हणाला आणि शाळेच्या बाईंच्या गाडीतून घरी गेला. खोटं कशाला सांगू, मला त्या स्टुलावरून उतरावंसं वाटेना. अण्णा दुकानातून बाहेर पडायचा तेव्हा दारात असं कुणी बसलेलं असतं तर, हा विचार मनात आला.

दुसऱ्या फळीवर लाकडी खुंट्या होत्या, आणि प्रत्येक खुंटीवर मातीचा भाजलेला मग. प्रत्येकावर नाव. गावात जी माणसं एकटी राहतात, त्यांचे हे मग. कुणी आलं की आपला मग काढून घ्यायचा. संध्याकाळी सहाला हॅरिएट फळीकडे बघते. जो मग अजून खुंटीवर आहे, त्याच्या घरी कुणीतरी जाऊन यायचं. माणूस ठीक दिसलं की हॅरिएट त्या मगाचा कान डावीकडे वळवते. एवढंच.

त्या दिवशी सहा वाजता एकच मग लटकत होता. त्यावर 'अर्ल' लिहिलं होतं.

"तो येत नाही," रेवा जाकीट चढवत म्हणाली. "नेव्हर. वर्षभरात एकदा पण नाही. ही हेट्स द प्लेस. पण हॅरिएटनं त्याचा पण मग बनवून घेतला. सो, रूल इज रूल. रोज कुणीतरी जातं. त्याला माहीत नाही हं."

मीही गाडीत बसले. गावाबाहेर टेकडीवर अर्लचं घर होतं. फाटकापाशी रेवानं वेग कमी केला. स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा होता आणि एक उंच, वाकलेला म्हातारा चुलीवरचं काहीतरी ढवळत होता. "ही इज फाइन," रेवा म्हणाली. आम्ही परत आलो आणि हॅरिएटनं मगाचा कान वळवला.

शनिवार, अर्लच्या रानात

अर्लची गाय व्यायला झाली होती, म्हणून रेवाला बोलावणं आलं. मला घरी बसवत नव्हतं, मीही निघाले. ऊन पडलं होतं, वरचा बर्फ वितळला होता आणि त्याच्या रस्त्यावर असा काही राडा झाला होता, की आमची गाडी चाकाच्या आसापर्यंत रुतली. शेवटी अर्ल ट्रॅक्टर घेऊन आला. त्यानं दोर बांधला, आम्हाला ओढून काढलं आणि माझ्या साडीच्या चिखलानं माखलेल्या काठाकडे बघून टोपीला हात लावला.

रेवा गोठ्यात गेली. अर्लनं मला त्याच्या पाक आटवायच्या खोपटात बसवलं. त्या भागात मेपलच्या झाडांना भोकं पाडून रस काढतात, पाण्यासारखा पातळ, आणि तो लांबरुंद कढईत आटवतात. आत शिरले आणि चष्म्यावर वाफ साचली. वास आला तो थेट आमच्या गुऱ्हाळाचा! जळणाचा धूर, उकळता गोडवा, कढईवर येणारी मळी. मी त्याला सांगितलं, आम्ही उसाचा असाच करतो. त्यानं मान डोलावली आणि प्रश्नामागून प्रश्न विचारले. चूल कशी असते, मळी कशानं काढता, पाक झाला कसा ओळखता? पाण्यात थेंब टाकून गोळी होते का बघतो, असं मी म्हटल्यावर तो पहिल्यांदा हसला.

मग त्यानं बाहेरून घमेलंभर स्वच्छ बर्फ आणला आणि त्यावर कढत पाक ओतला. क्षणात त्याची तार झाली. ती काट्यानं गुंडाळून खायची, आणि मध्ये मध्ये आंबवलेल्या काकडीचा तुकडा चावायचा. काकडी बघून मी नाक मुरडलं होतं. पण आंबट खाल्लं की जीभ पुन्हा गोडाला तयार होते. मी तीनदा घेतलं.

गोड खाताना माणूस बोलून जातो. मंगळवारी मत कुणाला, असं मी विचारलं, आणि अर्लचा चेहरा मिटला. त्याचा धाकटा भाऊ डीन. खूप वर्षांपूर्वी, केटलमधून रात्री बाहेर पडला आणि गाडीसकट ओढ्यात गेला, तिथंच संपला. "त्याला भरून देणारे तिथं सगळे होते," अर्ल म्हणाला. "थांबवणारा एकही नव्हता. विकून टाका म्हणतो मी ती जागा. मी कधी त्या दारातून आत जाणार नाही."

मग काय, मी बोलून बसले. अण्णा, दुकान, मतपत्रिका, आडवी बाटली, सगळं. माझं इंग्रजी पाचवीच्या पुस्तकातलं, पण त्याला सगळं कळलं. त्यानं त्याचा भलामोठा, पाकानं चिकट झालेला हात पुढे केला. "मॅम, या गावात आलेलं पहिलं शहाणं माणूस तुम्ही."

गाडीत बसल्यावर मी रेवाला खरं सांगितलं. तिनं गाडी चिखलातून जपून रस्त्यावर आणली. मग म्हणाली, "मावशी, तू त्याला व्होट विन करून दिलंस, यार." थोड्या वेळानं म्हणाली, "मी इथं आले तेव्हा सहा महिने माझ्याशी फक्त गाई बोलत होत्या. मग केटल उघडली. आता मला फिव्हर आला तरी सहा वाजता दारावर नॉक होतं. माझा पण मग आहे तिथं. केटल गेली तर मी नाही राहू शकणार इथं. अँड आय लव्ह इट हिअर."

नंदानं मला जे करायला पाठवलं होतं, ते काही न करता होण्याची चांगली संधी होती. केटल विकली जाऊ दे, पोरगी आपोआप घरी येते. पण तिच्या गालावर वासराच्या लाळेचा डाग होता आणि डोळे भरले होते, आणि मला ती संधी नकोशी झाली.

मंगळवार, गावसभा

शाळेच्या व्यायामशाळेत सकाळी नऊला सभा भरली. मागच्या टेबलांवर घरोघरून आलेले पदार्थ, घेवड्याच्या बियांची भाजी, पाव, सात प्रकारचे गोड. अध्यक्ष हातोडा घेऊन उभे. आपल्या ग्रामसभेत कोरम भरायला शिपाई घरोघर फिरतो. इथं माणसं विणकाम घेऊन दिवसभराच्या तयारीनं आली होती. रस्त्याच्या खडीवर तासभर चर्चा झाली, आणि ती सगळ्यांनी ऐकली.

मताचा हक्क नसलेल्यांनी भिंतीकडच्या बाकावर बसायचं, असं रेवानं मला बजावलं होतं. बसलेही होते. पण हॅरिएटला दुखऱ्या हातामुळे कोट काढता येईना, म्हणून मी मदतीला गेले आणि गप्पांच्या नादात तिच्या शेजारीच राहिले.

केटलचा विषय निघाला. अर्ल उठला, डीनबद्दल चार वाक्यं बोलला आणि खाली बसला. सभा गार पडली. हॅरिएट तिच्या पायरीबद्दल बोलली. मग अध्यक्ष म्हणाले, "केटल गावाकडे ठेवावी असं वाटणाऱ्यांनी हात वर करा."

शेजारी हॅरिएटचा डावा हात वर गेला. पुढच्या रांगेत रेवाचा. आणि माझा! आमच्या ग्रामसभेत 'हात वर करा' म्हटलं की शंभरजण वर करतात, त्यात बाहेरगावचे पाहुणे आणि चहावालाही असतो. मोजतो कोण? चांगलं काही चाललं असलं की हात वर जातोच. इथं दोन माणसं रांगेरांगेतून, बोट दाखवून, मोजत होती.

"बाजूनं चौसष्ट. विरुद्ध त्रेसष्ट."

आरडाओरडा झाला. आग विझवणाऱ्या त्या गड्यानं शाळेच्या बाईंना उचललं. रेवा धावत येऊन हॅरिएटच्या गळ्यात पडली आणि रडू लागली. मीही टाळ्या वाजवत होते. आणि टाळ्या वाजवता वाजवता माझे हात थांबले. चौसष्टावा हात माझा होता.

गप्प बसले असते तर कुणालाच कळलं नसतं. पण मला एक गोष्ट आठवली. आमच्या मतदानाच्या दिवशी दुकानवाल्यानं परगावची एक बाई रांगेत घुसवली होती, उभ्या बाटलीसाठी. मी तिचा दंड धरून तिला बाहेर काढलं होतं, सगळ्या गावासमोर. आज ती परगावची बाई मीच होते.

मी उभी राहिले. "सर," अध्यक्षांना म्हणाले, "माझी चूक झाली. त्यात एक हात माझा आहे. मला इथं मत नाही."

रेवानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बरोबरी म्हणजे ठराव पडला, हे माझ्यासकट सगळ्यांना समजत होतं. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, मोजणी रद्द. आता हात नकोत. बाजूनं असतील त्यांनी खिडक्यांकडे जाऊन उभं राहायचं, विरुद्ध असतील त्यांनी दाराकडे.

"एक मिनिट," अर्ल उठला होता. "त्या बाईंना एक विचारायचंय. शनिवारी त्यांनी मला सांगितलं की त्यांनी आपल्या गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं. मग त्यांचा हात आज वर कसा गेला?"

अध्यक्षांनी सभेला विचारलं, पाहुणीला बोलू द्यायचं का. सगळे "हो" म्हणाले. मला जेवढं इंग्रजी येतं तेवढ्यात मी बोलले.

"आमच्या दुकानात बाईला आत पाय टाकता येत नव्हता. आई बाहेर अंधारात उभी राहायची, अण्णा कधी येतो बघत. तिथं भरून देणारे होते, थांबवणारं कुणी नव्हतं. मिस्टर अर्ल, तुमच्या डीनच्या वेळी इथंही तसंच होतं, ते तुम्ही सांगितलंत. आता तसं नाही. गुरुवारी मी स्वतः किल्ल्यांच्या फळीखाली बसले होते. एका दांडग्या माणसाला मी किल्ली दिली नाही, आणि तो मला 'येस, मॅम' म्हणाला. दुकान तेच आहे, पण दारात आता माणूस बसतं. असं आमच्या गावात असतं, तर मी बाटली आडवी केली नसती."

इथं मी थांबायला हवं होतं. पण थांबेन तर ती मी कसली?

"आणि तिथं तुमचाही मग आहे. वर्षभर खुंटीवर लटकतोय. तुम्ही येत नाही, म्हणून रोज सहा वाजता कुणीतरी तुमच्या खिडकीतला दिवा बघून जातं. गुरुवारी मी आले होते. तुम्ही काहीतरी ढवळत होतात."

हॅरिएट माझ्या कानाशी काहीतरी पुटपुटली. ते शिष्टाचाराला धरून नव्हतं.

लोक उठले. खुर्च्यांचा खडखडाट झाला आणि सगळे आपापल्या बाजूला गेले. मी भिंतीकडच्या बाकावर, जिथं आधीच बसायला हवं होतं तिथं, हात मांडीखाली दाबून बसले. मधल्या जागेत एकटा अर्ल खुर्चीला धरून उभा होता. दाराकडची माणसं त्याची वाट बघत होती. त्याची टोपी हातात होती आणि तो ती गोल गोल फिरवत होता.

"अर्ल," अध्यक्ष हळूच म्हणाले, "कुठंतरी उभं राहावं लागेल."

तो निघाला. दोन पावलं दाराकडे टाकली, थांबला, आणि वळून खिडक्यांकडे चालू लागला. सावकाश, गुडघ्याला हात देत. अख्खी व्यायामशाळा त्याच्या बुटांचा आवाज ऐकत होती. तो जाऊन हॅरिएटच्या शेजारी उभा राहिला, तिच्याकडे न बघता म्हणाला, "मला वाटायचं, रोज संध्याकाळी माझ्या फाटकापाशी वाट चुकणारी माणसं या गावात फार झालीत."

पुन्हा मोजणी झाली. चौसष्ट, बासष्ट. आकडा मघाचाच चौसष्ट, पण आता सगळे हक्काचे. ओरडणं आधीच होऊन गेलं होतं, म्हणून या वेळी लोक नुसते एकमेकांचे हात धरून उभे राहिले. मग दाराकडच्या लोकांपैकी कुणीतरी म्हणालं, भाजी गार होतेय. आणि बाजूनं असलेले, विरुद्ध असलेले, सगळे एकाच टेबलाशी रांगेत लागले. निवडणुकीनंतर आमच्या गावात दोन-दोन वर्षं एका विहिरीवर पाणी भरत नाहीत. मी डोळे पुसत सात प्रकारचे गोड खाल्ले.

संध्याकाळी केटलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मला पुन्हा किल्ल्यांखाली बसवलं होतं, आणि त्या दिवशी मला भरपूर काम पडलं. सहाचे ठोके पडले. हॅरिएटनं सवयीनं गाडीची किल्ली उचलली, "आज अर्लकडे कोण जाणार?" म्हणत फळीकडे वळली, आणि तशीच उभी राहिली. खुंटी रिकामी होती.

"आज नको," चुलाणाजवळून आवाज आला. अर्ल मगात गरम दूध घेऊन बसला होता. बरोबर आणलेला मेपलचा पाक त्यात ढवळत होता. बाहेर त्याचा ट्रॅक्टर उभा होता आणि दूध पिणाऱ्या त्या माणसानं ट्रॅक्टरची किल्लीही नियमाप्रमाणे खिळ्याला लटकवली होती. जाताना तो माझ्यापुढे हात पसरून उभा राहिला. मी उगीचच त्याला नीट निरखून बघितलं आणि किल्ली दिली.

कराड

नंदाला मी फोनवरच सांगून टाकलं, तुझी मुलगी येत नाही, आणि ती तिथं एकटी नाही. नंदा चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मग एप्रिलमध्ये स्वतःच जाऊन आली. परत आल्यावर तिनं वेस्ट विंडसरच्या मंडळात केटलवर भाषण दिलं, असं कळलं.

दारूबद्दल माझं मत बदललेलं नाही. आमचं दुकान उद्या पुन्हा उघडायला कुणी आलं तर मी पुन्हा दारोदार फिरेन.

निघायच्या दिवशी हॅरिएटनं मला फळीपाशी नेलं होतं. शेवटच्या खुंटीवर नवा मग होता, 'माउशी' लिहिलेला. मी म्हटलं, पाच-दहा वर्षांत एखादवेळी येईन, कशाला अडवायची खुंटी? ती म्हणाली, "एकटी राहता ना तुम्ही? मग नियम आहे."

तिथं संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा इथं अजून उजाडलेलंही नसतं. दर गुरुवारी, म्हणजे माझ्या शुक्रवारी, अंधारातच फोन वाजतो. पहिल्यांदा मी चिडले होते, की ही काय माणसाला उठवायची वेळ झाली? आता आधीच जागी असते. पलीकडे चुलाणाचा, पत्त्यांचा, माणसांच्या हसण्याचा आवाज येतो. कधी रेवा असते, कधी हॅरिएट. गेल्या खेपेला अर्ल होता. तो फार बोलत नाही. त्यानं एवढंच विचारलं, "मॅम, दिवा?"

मी उठून बटण दाबलं आणि म्हणाले, "लागलाय. वळवा कान."